कृपा आणि प्रयत्न : माझगावच्या चर्चमधील श्रद्धा आणि साधना

गेल्या वर्षावासात पालीच्या वर्गात एका ज्येष्ठ उपासिकेने विचारलेल्या प्रश्नातून प्रस्तुत लेखाचा जन्म झाला आहे. या उपासिकेचे सारे आयुष्य माझगावच्या बी.आय.टी. चाळीत गेले. त्या म्हणाल्या, ‘‘सर, शेजारच्या बाईंबरोबर मी कितीतरी वर्षे बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जाते. त्या म्हणतात, तुमचे बुद्ध आणि आमचा येशू एकच सांगतात. हे खरे आहे काय?’’ वर्गातील तरुण मुले हसली. त्यांच्यापैकी एकाने ‘‘सगळे थोतांड आहे’’ असे उत्तरही देऊन टाकले.

‘सगळे एकच’ आणि ‘सगळे थोतांड’ ही दोन्ही उत्तरे अज्ञानातून येतात. ब्रह्मजालसुत्तात तथागतांनी बासष्ट दृष्टींचा परामर्श घेतला आहे. तेथे प्रत्येक मत त्या मताच्या अनुयायाला आपले वाटेल अशा रीतीने आधी मांडले आहे आणि परीक्षण त्यानंतर केले आहे. परमताचा विचार करण्याची आपली परंपरा अशी आहे. त्या परंपरेला अनुसरून आपल्या शेजारचे चर्च काय मानते, तेथे काय केले जाते आणि ते का केले जाते, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

माझगाव आणि ख्रिस्ती धर्म

माझगावचे ख्रिस्ती लोक बाहेरून आलेले परके आहेत, असा एक समज आढळतो. तो इतिहासाला धरून नाही. सोळाव्या शतकात मुंबईची बेटे पोर्तुगीजांच्या अमलाखाली आली. १५७२ साली पोर्तुगालच्या राजाने माझगाव डिसूझा घराण्यास दिले. त्या घराण्याच्या आश्रयाने १६३२ मध्ये येथे फ्रान्सिस्कन संघाचे ग्लोरिया चर्च उभे राहिले. तेच चर्च १९११ ते १९१३ या काळात भायखळ्यास नव्याने बांधले गेले. डॉकयार्ड रोडजवळचे रोझरी चर्च आणि नेसबिट रोडवरील सेंट अ‍ॅन चर्च ही याच परिसरातील अन्य कॅथलिक चर्चे होत. माझगावचे सेंट पीटर्स चर्च मात्र अँग्लिकन परंपरेतील आहे. ती परंपरा १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. या लेखात आपण केवळ रोमन कॅथलिक चर्चचा विचार करणार आहोत.

येथील मूळच्या ख्रिस्ती समाजास ‘ईस्ट इंडियन’ असे म्हणतात. हे नाव त्या समाजाने १८८७ मध्ये आपली संघटना स्थापन करताना घेतले. हे लोक उत्तर कोकणातील मूळ रहिवासी असून त्यांची घरची बोली मराठीचीच एक शाखा आहे. माझगावातील माथारपाखाडी ही त्यांची जुनी वस्ती. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीतील नेते आणि पुढे १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ मध्ये याच पाखाडीत झाला. कामगार चळवळीतही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. तेव्हा ज्यांच्या श्रद्धेचा आपण विचार करीत आहोत ते आपलेच भाषाबंधू आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

श्रद्धेचा गाभा

कॅथलिक चर्चच्या श्रद्धेचा सारांश एका छोट्या विधानात सामावलेला आहे. त्यास मराठी ख्रिस्ती लोक ‘विश्वासांगीकार’ म्हणतात. इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेत त्याचा आराखडा ठरला आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत त्यास पूर्ण रूप आले. आपल्याकडे संगीतींनी जे कार्य केले, त्याच्याशी या परिषदांची काही अंशी तुलना करता येईल. रविवारच्या उपासनेत सर्व भाविक उभे राहून विश्वासांगीकार म्हणतात. त्यातील मुख्य मुद्दे चार आहेत.

पहिला मुद्दा सृष्टिकर्त्याचा. एकच देव आहे आणि त्याने सर्व विश्व शून्यातून निर्माण केले. हा देव एक असूनही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींच्या रूपाने आहे. यास ‘त्रैक्य’ म्हणतात. हे तीन देव नव्हेत, आणि ब्रह्मा-विष्णू-महेशांप्रमाणे तिघांनी वाटून घेतलेली कामेही नव्हेत, असा चर्चचा आग्रह आहे.

दुसरा मुद्दा पापाचा. देवाने मनुष्यास चांगले निर्माण केले, परंतु आदिमानवाने देवाची आज्ञा मोडली. त्या आज्ञाभंगाने देव आणि मनुष्य यांचे नाते तुटले. ही तुटलेली अवस्था प्रत्येक मनुष्यास जन्मतःच वारशाने मिळते. तिला ‘आदिपाप’ म्हणतात. येथे आपण एक भेद लक्षात घ्यावा. मराठीत दोन्हीकडे ‘पाप’ हाच शब्द वापरला जात असल्याने घोटाळा होतो. बौद्ध विचारात अकुशल कर्म हे लोभ, द्वेष आणि मोह यांतून उपजते व त्याचा विपाक कारणकार्य नियमाने होतो. ते कोणाविरुद्ध केलेला अपराध नसते. ख्रिस्ती विचारात पाप हे मुळात देवाविरुद्ध असते, म्हणून त्याच्या निवारणासाठी देवाची क्षमा आवश्यक ठरते.

तिसरा मुद्दा येशू ख्रिस्ताचा. तुटलेले नाते मनुष्य आपल्या बळावर जोडू शकत नाही. म्हणून देवपुत्राने स्वतः मानवी देह धारण केला, मनुष्यजातीच्या पापांसाठी क्रुसावर प्राण दिले आणि तिसऱ्या दिवशी त्याचे पुनरुत्थान झाले. हे अवतारवादासारखे नाही. अवतार पुनःपुन्हा होतात. देवाचे हे देहधारण इतिहासात एकदाच घडले, असे चर्च मानते.

चौथा मुद्दा मरणोत्तर जीवनाचा. मनुष्याचा आत्मा देवाने निर्माण केलेला असतो आणि तो एकदाच जन्म घेतो. चर्चला पुनर्जन्म मान्य नाही. अखेरच्या दिवशी मृतांचे देहासह पुनरुत्थान होईल व न्याय होईल, अशी श्रद्धा आहे. तेव्हा ख्रिस्ती ‘आत्मा’ हा उपनिषदांतील अनादी आत्मा नव्हे, हे अनात्मवादाच्या अभ्यासकांनी विसरू नये. दोहोंचे खंडन एकाच युक्तिवादाने होत नाही.

या चारही मुद्द्यांना एकत्र बांधणारा शब्द आहे ‘कृपा’. मनुष्याचे तारण हे देवाकडून मिळालेले, त्याने न कमावलेले दान आहे. तथापि कॅथलिक मतानुसार प्रयत्न निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांशी झालेल्या वादात, १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेने मनुष्याचे सहकार्य आणि सत्कर्मे यांचे मूल्य ठामपणे मान्य केले. परंतु पहिले पाऊल देवाचे असते. मनुष्य त्या पावलाला साथ देतो. चर्चमधील प्रत्येक विधी या एका कल्पनेतून समजतो.

सात संस्कार

कॅथलिक चर्चमध्ये सात संस्कार आहेत : स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. संस्कार म्हणजे अदृश्य कृपेचे दृश्य चिन्ह, अशी त्यांची धारणा आहे. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हात ठेवणे या साध्या गोष्टींद्वारे देव स्वतः कार्य करतो, असे मानले जाते. त्यामुळे संस्कार देणारा धर्मगुरू सदाचारी नसला तरी संस्कार निष्फळ होत नाही. देणारा देव असल्यामुळे धर्मगुरूची योग्यता येथे गौण ठरते.

बाप्तिस्म्यात बालकाच्या किंवा प्रौढाच्या मस्तकावर तीन वेळा पाणी ओतून त्रैक्याच्या नावाने त्यास चर्चमध्ये घेतले जाते. पांढरे वस्त्र आणि पेटती मेणबत्ती दिली जाते. पाण्यापूर्वी प्रश्नोत्तरे होतात. प्रथम सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करतोस काय, असे विचारले जाते. मग श्रद्धेविषयी प्रश्न होतात. बालकाच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता उत्तरे देतात. आधी त्याग आणि मग स्वीकार हा क्रम पाहिला की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची आठवण होते. तेथेही जुन्या श्रद्धेचा त्याग आधी आहे व शीलांचा स्वीकार नंतर आहे. रचनेतील हे साम्य लक्षणीय आहे. आशयातील भेदही तितकाच मोठा आहे. बाप्तिस्मा आदिपाप धुऊन टाकतो अशी श्रद्धा असल्याने तो तान्ह्या बाळासही देतात. प्रतिज्ञा मात्र समजून उमजून, स्वतःच्या मुखाने घ्यावयाची असते.

प्रायश्चित्त संस्कारास मराठी ख्रिस्ती बोलीत ‘कुमसार’ म्हणतात. भाविक धर्मगुरूसमोर आपल्या पापांची कबुली देतो. त्याला खरा पश्चात्ताप झालेला असावा लागतो आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय असावा लागतो. धर्मगुरू त्यास उपदेश करतो, एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य प्रायश्चित्त म्हणून सांगतो आणि देवाच्या नावाने क्षमा जाहीर करतो. कबुलीत ऐकलेले धर्मगुरूने प्राण गेला तरी कोणास सांगावयाचे नाही, असा कडक नियम आहे. वर्षातून किमान एकदा कुमसार करावा, असे १२१५ च्या लॅटरन परिषदेने ठरविले.

विनयाच्या अभ्यासकास येथे उपोसथाच्या दिवशीची आपत्तिदेसना आठवते. भिक्खूही आपला दोष दुसऱ्या भिक्खूसमोर उघड करतो. परंतु ऐकणारा भिक्खू क्षमा करीत नाही. दोष दिसला काय, आणि पुढे संयम पाळशील काय, एवढेच तो विचारतो. सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रूने पितृवधाची कबुली दिली. तथागतांनी ती कबुली स्वीकारली आणि दोष ओळखून सुधारणे ही प्रगती आहे असे सांगितले. मात्र राजा निघून गेल्यावर, या कर्मामुळे त्याची हानी झाली, अन्यथा याच आसनावर त्यास धम्मचक्षू प्राप्त झाला असता, असे भिक्खूंना सांगितले. कबुलीने मन मोकळे होते आणि वळण बदलते, पण केलेले कर्म कोणी पुसू शकत नाही. कुमसार आणि आपत्तिदेसना यांतील अंतर या एका प्रसंगात सामावले आहे.

रविवारची मिस्सा

सात संस्कारांत केंद्रस्थानी ख्रिस्तप्रसाद असतो आणि तो मिस्सेत दिला जातो. रविवारी मिस्सेला उपस्थित राहणे हे प्रत्येक कॅथलिकाचे कर्तव्य आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर ती लोकभाषांत होऊ लागली. मुंबईत आता इंग्रजी, मराठी, कोकणी अशा अनेक भाषांत मिस्सा होते.

मिस्सेचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला वचनांचा. प्रारंभी सर्वजण आपल्या दोषांची सामुदायिक कबुली देतात. त्यानंतर बायबलमधील तीन वाचने होतात व त्यांमध्ये एक स्तोत्र म्हटले जाते. अखेरचे वाचन शुभवर्तमानाचे असून ते उभे राहून ऐकतात. मग धर्मगुरू त्या वाचनांवर प्रवचन देतो. रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरलेले आहे. माझगावात ज्या रविवारी जे वाचन होते, तेच वाचन त्या दिवशी जगभरच्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये होते. अक्षरओळख नसलेला मनुष्यही नियमाने चर्चला गेला तर तीन वर्षांत येशूच्या चरित्राचा व शिकवणुकीचा बहुतेक भाग त्याच्या कानावरून जातो.

दुसरा भाग अर्पणाचा. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणले जातात. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसह घेतलेल्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करून धर्मगुरू प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेने भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचे खरे शरीर व रक्त होतात, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. रूप, रंग, चव तीच राहते, पण तत्त्व बदलते, असे ते मानतात. क्रुसावर एकदा झालेले बलिदान वेदीवर पुन्हा प्रत्यक्ष होते, म्हणून मिस्सेला बलिदान म्हणतात. त्यानंतर भाविक एकमेकांना शांतीची खूण देतात आणि रांगेने जाऊन प्रसाद घेतात. प्रसादापूर्वी किमान एक तास काही खावयाचे नसते. गंभीर पाप घडले असेल तर आधी कुमसार करावा लागतो. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांनी प्रसाद घ्यावयाचा नसतो. मिस्सेला उपस्थित राहणाऱ्या आपल्या बंधूंनी हा नियम आदराने पाळावा.

आपल्या बुद्धपूजेत फुले, दीप आणि धूप अर्पण करतो, तेव्हा फूल कोमेजणार आहे आणि आपला देहही तसाच अनित्य आहे, असे मनात आणतो. अर्पण तेथे अनुस्सतीचे साधन असते. मूर्तीत किंवा फुलात काहीही पालटत नाही. मिस्सेत मात्र देव स्वतः येतो आणि देतो. तेथेही कृपेची तीच कल्पना आहे.

जपमाळ, उपवास आणि संत

माझगावच्या रोझरी चर्चचे नाव ज्या साधनेवरून पडले, ती म्हणजे जपमाळ. मण्यांची पाच दशके असतात. प्रत्येक दशकात येशूने शिकविलेली एक प्रार्थना, दहा वेळा मारियेची प्रार्थना आणि शेवटी त्रैक्याचे गौरवगान असा क्रम असतो. ओठ जप करीत असताना मनाने येशू आणि मारिया यांच्या जीवनातील एकेका प्रसंगाचे चिंतन करावयाचे असते. या प्रसंगांचे पूर्वी आनंदाचे, दुःखाचे आणि गौरवाचे असे तीन गट होते. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाचा चौथा गट जोडला. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना होय. पाखाड्यांतील क्रुसांपुढे शेजारीपाजारी जमून ती म्हणतात. चिंतनाविना केवळ मणी ओढणे चर्चलाही मान्य नाही. अनुस्सती भावनेचा अभ्यास करणाऱ्यास ही गोष्ट सहज कळेल.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ असतो. त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. त्या दिवशी कपाळावर राखेने क्रूस काढून मनुष्य मातीचा आहे, याची आठवण दिली जाते. या काळात उपवास, प्रार्थना व दानधर्म करावयाचा असतो. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने फिरून येशूच्या यातनांचे चिंतन केले जाते. ज्या मनाने आपण मरणानुस्सती करतो, त्या मनाच्या जवळ जाणारी ही साधना आहे.

मारिया आणि संत यांच्याविषयी मोठा गैरसमज आहे. चर्चच्या शिकवणुकीनुसार आराधना केवळ देवाची करावयाची असते. मारियेला आणि संतांना आदर द्यावयाचा असतो व आपल्यासाठी देवाजवळ प्रार्थना करा, अशी विनंती करावयाची असते. मारिया स्वतः काही देत नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी मारियेची नोव्हेना होते. मूळ कल्पनेप्रमाणे ती नऊ वेळा करावयाची सामुदायिक प्रार्थना आहे. प्रत्यक्षात मात्र तेथे सर्व धर्मांचे लोक येतात. हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहतात आणि नवस फेडतात. लोकरूढी आणि धर्मशिकवण यांत जे अंतर पडते, ते सर्व धर्मांत पडते.

संत जोसाफत

संतांविषयी लिहिताना पालीच्या अभ्यासकास एका संताचा उल्लेख टाळता येणार नाही. मध्ययुगीन युरोपात बार्लाम आणि जोसाफत यांची कथा अतिशय लोकप्रिय होती. हिंदुस्थानातील एका राजास पुत्र झाला. हा पुत्र धर्मासाठी राज्य सोडील, असे भाकीत झाले. राजाने त्यास महालात कोंडून ठेवले, दुःखाचे दर्शन होऊ नये अशी व्यवस्था केली. तरीही त्यास रोगी, वृद्ध आणि मृत्यू यांचे ज्ञान झाले आणि अखेर त्याने राज्यत्याग केला. ही कथा कोणाची, हे आपल्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द अरबी, जॉर्जियन आणि ग्रीक भाषांतून जात जात ‘जोसाफत’ झाला. शतकानुशतके चर्च २७ नोव्हेंबर रोजी या संताचे स्मरण करीत होते.

या साम्याकडे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी एक होता दियोगो दो कौतो हा पोर्तुगीज इतिहासकार. साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की, तेथील एका वृद्धास विचारले असता ही लेणी जोसाफताच्या पित्याने करविली असे त्याने सांगितले. माझगावपासून काही कोसांवर असलेल्या बौद्ध लेण्यांत ख्रिस्ती संताच्या रूपाने बुद्धाचे स्मरण निघावे, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

मात्र या कथेतून एक महत्त्वाची गोष्ट शिकावयाची आहे. राजपुत्र, महाल, दर्शने आणि गृहत्याग हे सर्व युरोपात पोहोचले. चार आर्यसत्ये व प्रतीत्यसमुत्पाद वाटेतच राहिले. जोसाफत दुःखाचे कारण शोधत नाही, तो बार्लाम या साधूकडून बाप्तिस्मा घेतो. आकार प्रवास करतो, आशय मात्र जो घेतो त्याच्या मताप्रमाणे बदलतो.

शिकवण आणि समाज

बाप्तिस्म्याने सर्व जण ख्रिस्ताच्या एका देहाचे अवयव होतात, तेथे उच्चनीच उरत नाही, अशी चर्चची शिकवण आहे. भारतात ही शिकवण जातीपुढे अडखळली. काही प्रांतांत चर्चमध्ये बसण्याच्या जागा आणि दफनभूमी वेगळ्या राहिल्या. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विस्ताराने लिहिले असून ते लेखन त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात उपलब्ध आहे. धर्मांतराने जात गेली काय, हा त्यांचा प्रश्न होता. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. चर्चमध्ये जातिभेद अस्तित्वात आहे आणि तो पाप आहे, अशी कबुली त्यात आहे. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे कार्डिनल झालेले पहिले दलित ठरले.

कायद्याची बाजूही येथे नमूद केली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. आपण स्वतः चौतीस वर्षे ज्या अन्यायाशी झगडलो, त्याची झळ शेजाऱ्यास लागत असताना आपण उदासीन राहणे मैत्रीच्या भावनेस शोभणारे नाही. आणि आपल्या विवाहांच्या जाहिरातींत पोटजात अजून छापली जाते, हेही त्याच वेळी आठवावे.

काय घ्यावे, काय घेऊ नये

१९५० साली ‘महाबोधि’ मासिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना केली. येशूने स्वतःस देवपुत्र म्हटले. बुद्धाने स्वतःस मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही. या लेखात कृपा आणि प्रयत्न असा जो भेद आपण पाहत आलो, त्याचे बीज तेथे आहे. ज्या धम्मात देणारा कोणी नाही, तेथे मागणेही नाही. पंचशील ही देवाची आज्ञा नाही. ती शिक्षापदे आहेत आणि उपासक ती स्वतः होऊन ग्रहण करतो.

तरीही याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये ब्रह्मदेशातील बुद्ध सासन कौन्सिलला सादर केलेल्या योजनेत चर्चच्या पद्धतींकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले. धम्मात प्रवेश करणाऱ्याच्या सतत हाती राहील असा एक ग्रंथ, उपासकांसाठी बाप्तिस्म्यासारखा दीक्षाविधी, गृहस्थ धम्मप्रचारकांच्या नेमणुका, धम्मशिक्षणाची संस्था आणि दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना व प्रवचन, अशा सूचना त्यात होत्या. भिक्खूंसाठी संघदीक्षा होती, पण उपासकांसाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती आणि ही उणीव धम्माच्या ऱ्हासाचे एक कारण ठरली, असे त्यांचे मत होते. त्यांनी आकार घेतला आणि आशय बुद्धाचा ठेवला. जोसाफताच्या कथेत जे नकळत घडले, ते येथे विचारपूर्वक आणि उलट दिशेने घडले.

आज आपण काय करीत आहोत? अनेक विहारांत बुद्धमूर्तीपुढे नोकरी, अपत्य आणि परीक्षेतील यश मागितले जाते. म्हणजे कृपेचा आशय आपण घेतला. दर रविवारच्या वंदनेचे आणि वाचनाचे काय झाले? कित्येक विहार जयंती, वर्षावास आणि महापरिनिर्वाणदिन सोडले तर कुलूपबंद असतात. म्हणजे बाबासाहेबांनी घ्यावयास सांगितलेला आकार आपण सोडला. जे नाकारावयाचे ते घेतले आणि जे घ्यावयाचे ते टाकले, अशी ही स्थिती आहे.

त्या उपासिकेस मी जे उत्तर दिले ते असे : ‘‘बाई, मैत्रिणीबरोबर माहीमला जरूर जा. तिच्या नाताळास जा, तिला वैशाख पौर्णिमेस विहारात आणा. पण दोघी एकच सांगतात असे म्हणू नका, कारण त्यामुळे तिच्या श्रद्धेचाही मान राहत नाही. तिचा येशू देणारा आहे. आपले तथागत वाट दाखविणारे आहेत, चालावयाचे आपण आहे. मेणबत्ती लावताना काही मागू नका. मैत्रिणीच्या सुखाची कामना करा. ती मैत्रीभावना होय.’’

आणि हसणाऱ्या तरुणांना एक काम सांगितले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे आठ खंड आहेत. त्यांची रविवारनिहाय विभागणी करावी, विहाराच्या फळ्यावर ती लिहावी आणि दर रविवारी ठरलेला भाग मोठ्याने वाचून त्यावर चर्चा करावी. शेजारच्या चर्चमध्ये हे शतकानुशतके नियमाने चालले आहे. त्यासाठी आपणास कोणाच्या कृपेची आवश्यकता नाही. रविवारी सकाळी विहाराचे कुलूप काढावयास कोणीतरी वेळेवर आले पाहिजे, एवढेच.